लालदेठी गवताचं कोडं

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. तेव्हा एका उंच डोंगरावर एक विद्यापीठ होतं. तिथला नियम साधा होता, पण कठीण होता. ज्याचं उत्तर जगात कुणालाच माहीत नाही, असा एक प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यानं घ्यायचा आणि सात वर्षांत त्याचं उत्तर शोधून विद्वानांच्या सभेपुढे उभं राहायचं.

शाल्मली नावाच्या मुलीनं घेतलेला प्रश्न शेळ्यांचा होता. डोंगराच्या उतारावर लाल देठांचं एक गवत उगवायचं. शेळ्या ते आवडीनं खायच्या. बहुतेक वर्षं त्यांना काही होत नसे. पण एखाद्या वर्षी तेच गवत खाऊन शेळ्या तोंडाला फेस येऊन पटापट मरायच्या. असं का होतं, हे ना वैद्यांना सांगता येई, ना धनगरांना. शाल्मली धनगराचीच लेक. लहानपणी एका सकाळी तिनं आपल्या घरच्या नऊ शेळ्या आडव्या पडलेल्या पाहिल्या होत्या.

पहिलं वर्ष आनंदात गेलं. ती वाडीवाडीला जाई, शेळ्या मोजी, पाऊस मोजी, गवत खुडून वाळवी आणि सगळं ताडपत्रांवर लिहून ठेवी. मग हळूहळू दिवस जड होऊ लागले. तिसऱ्या वर्षी वाळवीनं ताडपत्रांचा अर्धा गठ्ठा खाल्ला. चौथ्या वर्षी तिच्यामागून आलेले दोघे आपापला ग्रंथ पुरा करून डोंगर उतरले. घरून निरोप यायचा, 'धाकटीचं लग्न झालं. तुझं अजून किती राहिलंय?'

तिचे आचार्य मोठे विद्वान होते आणि फार कमी बोलायचे. ती महिन्याचं काम त्यांच्यापुढे ठेवी. ते वाचत, कडेला दोनच शब्द लिहीत, 'पुन्हा पाहा', आणि पानं परत करत. काय पाहायचं, कुठं पाहायचं, हे ते सांगत नसत आणि विचारायची तिची छाती होत नसे. त्या दोन शब्दांचा ती एकच अर्थ लावायची, की आपण कमी पडतो आहोत.

सहाव्या वर्षी मात्र तिला वाट दिसली. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी शेळ्या मरतात. सगळ्या नोंदी हेच सांगत होत्या. दुष्काळात गवतात विष उतरतं, असा निष्कर्ष तिनं लिहिला. आचार्यांनी पानं परत दिली तेव्हा कडेला काहीच लिहिलेलं नव्हतं. सातव्या वर्षाच्या अखेरीस सभेचा दिवस ठरला. राजानं कळवलं की सभेनं निष्कर्ष मान्य केला, तर गावोगाव दवंडी पिटली जाईल: पावसाच्या वर्षी लालदेठी गवत खुशाल चारा.

सभेला पंधरा दिवस उरले होते. शेवटची मोजणी करायला ती डोंगराखालच्या वाडीत गेली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. ओढे भरून वाहत होते. आणि वाडीबाहेर सात शेळ्या मरून पडल्या होत्या.

शाल्मली त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं ताडपत्रावर लिहिलं: सात शेळ्या, भरपूर पाऊस. खोलीवर परतल्यावर ते एक पान तिनं गठ्ठ्यातून काढलं आणि तांदळाच्या मडक्यात खुपसलं.

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. घास तोंडात फिरत राही. एकच पान, असं ती स्वतःला समजावी. सात वर्षांपुढे एका पानाची काय मातब्बरी? पण दवंडीचा विचार आला की तिची नजर मडक्याकडे जाई. आचार्यांनी विचारलं, सगळं ठीक ना? ती म्हणाली, सगळं ठीक आहे. शेजारच्या खोलीतली मैत्रीण पेज घेऊन आली, तर हिनं दारच उघडलं नाही. सांगितलं तर सात वर्षं पाण्यात जाणार, न सांगितलं तर कुणाच्या तरी शेळ्या मरणार. दोन्हीकडून तिचा जीव दोरीसारखा पिळला जात होता.

सभा तीन दिवसांवर आली तेव्हा तिनं तिसरी वाट धरली. भर दुपारी, सगळे जेवत असताना, तिनं एक गाठोडं बांधलं, ते पान कमरेला खोचलं आणि कुणालाही न सांगता डोंगर उतरायला लागली. घरी जायचं आणि पुन्हा कधी अक्षर काढायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

वाट वाडीवरूनच जात होती. तिथं धुरपामावशी नावाची धनगरीण दारात बसून दोर वळत होती. मेलेल्या सात शेळ्या तिच्याच होत्या. शाल्मली मान खाली घालून पुढे निघाली, पण थोडं पुढं जाताच ती कुंपणाला धरून खालीच बसली. दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं.

मावशीनं काही न विचारता भाकरी आणि ताकाचा वाडगा पुढं ठेवला. ती खाईपर्यंत दोर वळत राहिली. मग म्हणाली, "सांग आता."

शाल्मलीनं सगळं सांगितलं. लपवलेलं पान, आचार्यांशी बोललेलं खोटं, दवंडी, पळून जाणं, सगळं. सांगताना ती रडली आणि सांगून झाल्यावर मावशी आता हाकलून देईल म्हणून वाट पाहत राहिली.

मावशीनं दोर बाजूला ठेवला. तिचा चेहरा कठोर झाला होता.

"सात वर्सं तू माज्या शेरड्या मोजतीस," ती म्हणाली. "मेलेल्या बी मोजल्यास. पर कुटं चरून मेल्या, ते मला एकदा तरी इचारलंस का?"

शाल्मलीनं मान हलवली. तिनं कधीच विचारलं नव्हतं. धनगरांना काय कळतं, असा तुच्छभाव त्यामागे नव्हता. आपण धनगराचीच लेक, म्हणजे आपल्याला ते ठाऊकच आहे, असं वाटलं होतं.

मावशीनं तिला उतारावर नेलं. छपरं शाकारायला वाडीनं तिथलं गवत मुळापासून कापलं होतं. मग पाऊस पडला आणि बुडख्यांतून नवे कोंब फुटले, बोटभर उंचीचे आणि लालचुटूक. त्याच कोंबांवर सात शेळ्या चरल्या होत्या. पलीकडच्या उंच, जुन्या गवतात चरलेल्या बाकीच्या शेळ्या ठणठणीत होत्या.

शाल्मली गुडघ्यांवर बसून त्या कोंबांकडे पाहत राहिली. दुष्काळात काय होतं, ते तिला आता दिसलं. भुकेली जनावरं गवत मुळापर्यंत खातात, मग एखादी चुकार सर येते आणि असेच कोंब फुटतात. विष दुष्काळात नव्हतंच. ते कोवळ्या कोंबांत असावं. असावं, एवढंच. सिद्ध काहीच झालं नव्हतं आणि हातात तीन दिवस होते.

ती डोंगर चढून परत आली. आचार्यांच्या दाराशी तिचा पाय अडला. घरी पळून जाणं सोपं होतं, ही चार पावलं अवघड होती. तिनं आत जाऊन ते पान त्यांच्यापुढे ठेवलं.

आचार्यांनी ते दोनदा वाचलं. वरची तिथी पाहिली.

"हे तू मला बारा दिवसांपूर्वी का सांगितलं नाहीस?"

"भीती वाटली, आचार्य."

"कशाची?"

"तुमची."

आता आपल्याला घालवून देणार, असं तिला वाटलं. आचार्य उठून खिडकीशी गेले आणि तिच्याकडे पाठ करूनच बोलले.

"पान तू लपवलंस, ती चूक तुझी. पण माझा विद्यार्थी मला खरं सांगायला भितो, ही चूक माझी आहे. ती मला सात वर्षं दिसली नाही."

सभेच्या दिवशी विद्वान गोल करून बसले होते. शाल्मली उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली की तिचा निष्कर्ष चुकीचा आहे. सभेत कुजबुज वाढली. एक वृद्ध पंडित संतापून म्हणाले की मुदत संपली, नियम म्हणजे नियम, हिचं नाव काढून टाका. तेव्हा आचार्य उभे राहिले आणि म्हणाले की दोष लावायचा तर दोघांना लावा. वाद दुपारपर्यंत चालला. शेवटी सभेनं तिला पदवी नाकारली आणि आणखी एक वर्ष दिलं. दवंडी थांबली.

ते वर्षही सोपं नव्हतं. तिला अपमान सलत होता, एखाद्या रात्री झोप येत नव्हती. पण आता ती शेजारणीसोबत जेवायची. मावशीला आणि पाच वाड्यांतल्या धनगरांना बरोबर घेऊन तिनं उतारांवर खुणा केल्या, गवत कापलं आणि त्याचं वय मोजलं. काही अडलं की त्याच दिवशी आचार्यांकडे जायची. आचार्यही आता लिहिण्याऐवजी बोलायचे.

वर्ष सरलं तेव्हा सभेनं तिचा ग्रंथ मान्य केला. गावोगाव दवंडी फिरली: गवत कापल्यावर फुटलेले लाल कोंब शेळ्यांना चारू नका, गुडघाभर वाढू द्या. त्यानंतर त्या मुलखात लालदेठी गवतानं शेळ्या मेल्याचं फारसं ऐकू आलं नाही.

पुढे शाल्मली त्याच विद्यापीठात आचार्य झाली. तिच्यापुढे नवा विद्यार्थी आला, की काय सापडलं हे ती नंतर विचारायची. आधी विचारायची, "कुठं अडलंय?" आणि पुरतं उत्तर मिळेपर्यंत थांबायची.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: अडचण लपवली की ती माणसाला आतून पोखरते, वेळेवर बोलून दाखवली की तिच्यातूनच वाट निघते.