देवीच्या नथीची आणि धुतल्या तोंडाची कहाणी

ऐक देवी, तुझ्या नथीची कहाणी. आटपाट नगर होतं. तिथं दाजीबा नावाचा नाटकवाला होता. दाजीबा राजा व्हायचा, त्याचा मुलगा मुरारबा राणी व्हायचा, बायको उमाई पडद्याआडून संवाद सांगायची. घरातही तेच. दाजीबा मीठ मागे ते हात उभारून. आमटी अळणी झाली की उमाईला मूर्च्छा येई. मग त्या घरी वेणू नावाची सून आली. ती हळू बोलायची. सासूला वाटे, पोरीला पाठांतर नाही.

त्या घराचा एक वसा होता. शुक्रवारी तोंड धुवावं, देवीपुढं दिवा लावावा, एक खरी गोष्ट साध्या आवाजात सांगावी. सजवू नये, वाजवू नये, घेतला वसा टाकू नये. दाजीबानं तो टाकला. म्हणे, धुतल्या तोंडानं देवी मला ओळखायची नाही. सून मात्र चुलीमागं बसून मुकाट्यानं पाळायची.

पुढं जत्रा आली. जत्रेचा खेळ या घरानं करायचा, राणी होणाऱ्यानं देवीची खरी नथ घालायची, सकाळी परत द्यायची, असा मान होता. मुरारबानं नथ घातली. ती त्याला वेणूपेक्षा शोभली. वेणूनंही नाही म्हटलं नाही. सकाळ झाली. पेटीत दोन नथी, एक देवीची, एक तालमीची काचमण्यांची. दाजीबानं दोन्ही उजेडात धरल्या. जास्त झळकली, ती देवीची म्हणून देवळात दिली.

गुरवानं मणी नखानं खरवडला. रंग निघाला. मग गावभर झालं, नाटकवाल्यांनी देवीची नथ चोरली. गुरवानं सांगितलं, दिवस मावळायच्या आत नथ आली नाही तर तुमचा मान गेला, पुन्हा या जत्रेत तोंडाला रंग लावायचा नाही.

मग काय केलं? पेटी उघडून बघायची, ते सोडून तिघं देवळात गेली. दाजीबा खांबाला टेकला, वनवासी राजासारखा गहिवरला. गुरव म्हणाला, छान झालं, नथ कुठं आहे? मग उमाई पदर सावरून मूर्च्छित पडली. गुरव म्हणाला, छान झालं, नथ कुठं आहे? मग मुरारबानं गाऊन धरणीला पोटात घे म्हटलं. लोकांनी वन्समोर दिला, त्यानं पुन्हा म्हटलं. गुरव म्हणाला, छान झालं, नथ कुठं आहे?

ऊन उतरलं. इकडं वेणूनं पेटी उघडली. आत दुसरी नथ, फिकट, जराशी पिवळट. तिला सगळं कळलं. न सांगावं तर मान जातो. सांगावं तर चारचौघांत सासऱ्याची चूक नव्या सुनेनं काढली असं होतं. पण वार शुक्रवार होता. तिनं तोंड धुतलं, नथ घेतली, पाण्याचा तांब्या घेतला, देवळात गेली.

"मामंजींनी चोरी केली नाही," ती म्हणाली. "झळकली ती त्यांना खरी वाटली. खरी ही आहे."

मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांग म्हणाले. तिनं तेवढ्याच आवाजात पुन्हा सांगितलं. मग मागचेच पुढं सरकले. गुरवानं मणी खरवडला, काही निघालं नाही. म्हणाला, हिला नाटक येत नाही, तेव्हा खरंच असणार. तरी देवीला विचारू.

मग देवीला फूल चिकटवून कौल लावला, उजवीकडं पडलं तर खरं. फूल पडेना. गुरव म्हणाला, दाजीबा, चूक तुमची, तुम्ही बोला. दाजीबा छातीवर हात ठेवून बोलला. फूल हललं नाही. आवाज खाली आणून, डोळ्यांत पाणी आणून बोलला. फूल हललं नाही. मग वेणूनं तांब्या पुढं केला. दाजीबानं तोंड धुतलं. रात्रीच्या खेळाचा रंग गेला, खाली म्हातारा निघाला.

"आई, माझं चुकलं," तो म्हणाला. "मला हल्ली नीट दिसत नाही. राजाचं काम जाईल म्हणून सांगितलं नाही."

उमाईला हे ठाऊक नव्हतं. ती नुसती उभी राहिली. मूर्च्छा आली नाही. फूल उजवीकडं पडलं.

मान राहिला. घरी पानं वाढली. दाजीबा म्हणाला, "वेणू, मीठ दे गं." हात उभारला नाही. उमाईनं मीठ त्याच्या पानात, त्याला दिसेल अशा जागी वाढलं. पुढच्या शुक्रवारी चुलीमागं चौघं बसली.

जशी देवी दाजीबाला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, आणि आपलं म्हणणं सांगायला कुणाला मूर्च्छित पडावं न लागो. ही साठां संवादांची कहाणी, पांचा शब्दीं सुफळ संपूर्ण.