कुलपातला रांजण

पुष्कळ वर्षांमागे, करार कागदावर न होता चार माणसांसमक्ष होत, तेव्हाची ही गोष्ट.

एका पेठेत एक रंगारी भाड्याच्या गाळ्यात निळीने कापड रंगवी. पेठेचा रिवाज असा, की पाडव्याला भाडेकरूने धन्यापुढे विडा ठेवायचा. धन्याने तो चावला, की भाडेपट्टा आणखी एक वर्ष पुढे गेला. विडा तसाच राहिला, तर गाळा सोडायचा.

त्या पाडव्याला गाळ्याच्या म्हाताऱ्या धन्याने विडा कपाळाला लावला आणि मुठीत धरून ठेवला. आठ दिवसांत म्हातारा गेला. तेरावा होताच त्याचा मुलगा गाळ्याच्या दारात उभा राहिला.

"बाबांनी विडा चावला नाही. गाळा रिकामा कर."

"मालक, त्यांना दात तरी होते का? पेजेवर होते ते!"

"दात नव्हते, तर कुटून द्यायचा होतास!"

तंटा पेठेच्या पंचाकडे गेला. पंच म्हणजे एक वृद्ध शास्त्री, मोठे विद्वान. पाडव्याला ते स्वतः तिथे हजर होते. विडा कपाळाला लावताना म्हाताऱ्याचे डोळे हसलेले त्यांनी पाहिले होते. पण हसलेले डोळे हा पुरावा होतो का? आणि आपलीच नजर चुकली असेल तर?

"पोथ्या पाहून सांगतो," ते म्हणाले. "तोवर गाळ्याला कुलूप. किल्ली माझ्यापाशी."

रंगारी हात जोडून म्हणाला, "शास्त्रीबुवा, माझा रांजण जमिनीत पुरलेला आहे. त्यातलं निळीचं आंबवण माझ्या आजाच्या हातचं. त्याला रोज ढवळावं लागतं, गूळ-चुना घालावा लागतो. नाही तर मरतं ते."

"रांजण जिवंत, आणि माझा बाप मेला!" मुलगा खेकसला. "मग गाळा रांजणाच्याच नावावर करू का?"

एका पोथीत निघाले, की हाती घेतले म्हणजे स्वीकारले. दुसरीत निघाले, की चावल्याखेरीज स्वीकार नाही. शास्त्रीबुवांनी तिसरी मागवली.

रंगारी रोज त्यांच्या ओसरीवर येई. "मला नका सोडू आत. तुम्ही स्वतः जाऊन एकदा ढवळा."

शास्त्रीबुवा किल्ली चाचपत आणि म्हणत, "तोही पक्षपातच ठरेल, बाबा."

एकविसाव्या दिवशी त्यांनी निकाल दिला. पहिल्या दिवशी जे मनात होते, तेच: पट्टा चालू, गाळा रंगाऱ्याचा.

दार उघडले, तशी सडक्या वासाने माणसे मागे सरली. रंगाऱ्याने पांढरे कापड रांजणात बुडवून वर काढले. वारा लागला, की कापड निळे व्हायचे. सगळे थांबले. कापड मातकट होते, मातकटच राहिले.

"निकाल बरोबर दिलात, शास्त्रीबुवा," रंगारी म्हणाला. "आता सांगा, हे कापड कशात बुडवू?"

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन पेठ सोडून गेला. परक्या गावी तो पुढे दुसऱ्यांची कापडे धूत राहिला. वासामुळे गाळा पुन्हा कोणी घेतला नाही. शास्त्रीबुवांना मात्र कोणी बोल लावला नाही. उलट पेठ म्हणे, "काय सावध माणूस!" ते ऐकले, की शास्त्रीबुवा ओसरीवरून उठून आत जात आणि दार लावून घेत.

तात्पर्य: आपली शंका फिटेपर्यंत दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावणे, हा न्याय नव्हे.