धुरपा मायची न्हाणी

फार मागची गोष्ट आहे. तापीच्या काठी शेंदवड नावाच्या गावात धुरपा नावाची सुईण राहायची.

तिच्या हाताला गुण होता. अडलेल्या बाईला दारात तिची चाहूल लागली तरी निम्मी कळ ओसरायची, असं म्हणतात. गावातली किती तरी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, म्हणून लहानथोर सगळे तिला माय म्हणायचे.

धुरपाला एकुलती एक लेक होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मूल आडवं आलं. धुरपाने येत होतं ते सगळं करून पाहिलं. लेक गेली, मूलही गेलं.

त्यानंतर धुरपा अफू खाऊ लागली. त्या काळी अफू घरोघरी असायची, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आधी झोप यावी म्हणून मोहरीएवढी, मग तुरीच्या दाण्याएवढी, मग त्याहून मोठी. तिची बोटं बधिर व्हायला लागली. तिने सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. अफूची डबी तापीत भिरकावली, देवीपुढे भंडारा उचलून शपथ घेतली. थोडे दिवस निभायचं. मग कधी तरी कणभर जिभेवर जायची आणि ती स्वतःला म्हणायची, "मी अफूवालीच. माझ्याच्याने काय सुटायचं?" एकदा असं म्हटलं की मग डबीला धरबंध राहायचा नाही.

एका सकाळी माळ्याच्या घरची सून, गोजर, बाळंत होत होती. धुरपा उशाशी बसली आणि बसल्या बसल्या तिला गुंगी आली. मुलाच्या गळ्याभोवती नाळ आवळली होती. गोजरच्या सासूने धुरपाला बाजूला लोटलं आणि कशीबशी नाळ सोडवली. मूल उशिरा रडलं, पण रडलं.

धुरपा घरी आली आणि दार लावून बसली. आता आपल्याला कोणी बोलावणार नाही, हे ती धरूनच चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरची सासू दारात उभी. "माय, पाणी तापलंय. पोराला न्हाऊ घालायचंय."

धुरपाला वाटलं, ही टोमणा मारतेय. "मला कशाला बोलावतेस? काल बघितलंस ना?"

"बघितलं. पण गावाची सुईण तूच आहेस. बाळाला तेल-पाणी सुईणच करते." मग ती म्हणाली, "अफू सोड, असं मी म्हणत नाही. न्हाऊ घालून होईपर्यंत खाऊ नकोस, एवढंच."

एवढंच होतं, म्हणून धुरपा उठली. पाटावर पाय पसरून बसली, पोराला पायांवर घेतलं, तेल लावलं, चोळलं. जांभयांवर जांभया येत होत्या, नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हाडं ठणकत होती. पोर मात्र सुखाने झोपून गेलं. घरी जाऊन तिने अफू खाल्लीच.

रोज तसंच चाललं. मग तिनेच आणखी एका घरचं बाळ मागून घेतलं. मग तिसऱ्या घरचं. न्हाऊ घालता घालता दुपार व्हायची, अफू दुपारवर गेली. पुढे बाळंतिणींची शेक-शेगडी अंगावर घेतली, तशी अफू दिवस मावळण्यावर गेली. गोळी लहान होत गेली. धुरपा शपथबिपथ काही घेत नव्हती. सकाळी उठायची आणि स्वतःला सांगायची, "मी सुईण आहे. पाणी तापलं असेल."

लेकीच्या श्राद्धाच्या दिवशी मात्र ती ढासळली. हाताला आली तेवढी खाल्ली. उजाडल्यावर गोजरच्या सासूचा निरोप आला, तेव्हा तिचा तोल जात होता. तरी भिंत धरत ती गेली. पोराला हात लावला नाही. उंबऱ्याशी बसली आणि गोजरला म्हणाली, "आज माझे हात धड नाहीत. मी सांगते तसं तू घाल." गोजरने पोराला न्हाऊ घातलं. घरी परतताना धुरपाच्या मनात आलं, सुईण एक दिवस चुकली, तरी सुईणच की. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटावर बसली.

वर्षं गेली. एका भरदुपारी तापीला पूर होता. पलीकडच्या काठावरून हाका आल्या, बाई अडलीय, मूल आडवं आहे. नावाडी नाव घालायला तयार होईना. धुरपाने कमरेला वाळके भोपळे बांधले आणि पाण्यात उतरली. पूर तिच्यापुरता वाकून बाजूला झाला, असं म्हणतात. काठावरच्या लोकांनी तिला पलीकडे चढताना पाहिलं, तेव्हा लुगड्याची कड तेवढी ओली होती.

आत गेल्यावर तिने बाईच्या पोटाला हात लावला आणि तिचे हात कापायला लागले. तिच्या लेकीचं मूल असंच होतं. घरच्या म्हातारीला वाटलं, ही हिवाने कापतेय. तिने अफूची डबी पुढे केली. "घे माय, कणभर. ऊब येईल."

धुरपा डबीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी नाही खात."

"सोडलीस का?"

"खात नाही, बाई. शेगडी आण इकडे."

तिने हात शेकले आणि पोटावर ठेवले. त्या वेळी त्या हातांतून असा उजेड आला, की अंधाऱ्या माजघरात दिवा लावावा लागला नाही, असं म्हणतात. मूल हळूहळू फिरलं, डोक्याकडून आलं. मुलगी झाली. नाळ कापून झाल्यावर धुरपा अंगणात गेली आणि लेकीसाठी पोटभर रडली. इतकी वर्षं तिला रडू आलं नव्हतं.

ती पिकल्या वयात गेली. शेंदवडमध्ये आजही कुणाला तंबाखू सोडायची असो की दारू, तो देवळात शपथ घ्यायला जात नाही. तो तान्हं मूल असलेल्या घरी जाऊन "मायची न्हाणी" मागतो. रोज सकाळी, व्यसनाला हात लावण्याआधी, बाळाला न्हाऊ घालायचं. पहिला तांब्या धुरपाच्या नावाने जमिनीवर ओततात. अंगापिंडाने दांडगे बापे पाटावर अवघडून बसलेले असतात, बाळ रडून घर डोक्यावर घेतं, आणि घरातली म्हातारी शेजारी बसून सांगते, मान धर, कानात पाणी जाऊ देऊ नकोस. कुणी एखाद्या दिवशी आला नाही, तर का आला नाहीस म्हणून विचारत नाहीत. त्याच्या वाट्याचं पाणी चुलीवरून उतरवत नाहीत, एवढंच.