बादलीत पडली इवली

एक होती चिचुंद्री. तिचं नाव लगबगी.

लगबगी होती एवढीशी, पण तिच्यामागे वरात केवढी. आधी भुट्टू, मग चिंटी, मग ढब्बी, मग ठेंगू, आणि सगळ्यात शेवटी इवली.

चिचुंद्र्यांची चालायची एक रीत असते. भुट्टूनं आईची शेपटी तोंडात धरायची. चिंटीनं भुट्टूची. ढब्बीनं चिंटीची. ठेंगूनं ढब्बीची. इवलीनं ठेंगूची. आणि मग सगळ्यांनी भिंतीच्या कडेकडेनं जायचं. लुटू लुटू, लुटू लुटू.

त्या दिवशी त्यांना बिऱ्हाड हलवायचं होतं. न्हाणीमागच्या बिळातून लाकडांच्या ढिगात. निघताना लगबगीनं पोरांना बजावलं, काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं की शेपटी सुटते.

निघाली वरात. लुटू लुटू, लुटू लुटू. वाटेत धुण्याचा दगड आला. दगडाशेजारी बादली होती. बादलीवर नळ होता. नळाला पाणी नव्हतं. पण पाणी आलं की कळावं म्हणून घरच्या वहिनीनं तो उघडाच ठेवला होता.

लगबगी दगडावर चढली. भुट्टू चढला. चिंटी चढली. ढब्बी चढली. ठेंगू चढला. इवली चढली, आणि इवलीला आली जांभई.

आऽऽऽ.

शेपटी सुटली. पाय घसरला. इवली पडली बादलीत. टप्प.

ठेंगूला कळलं, आपल्या शेपटीला आता कुणी नाही. पण आई म्हणाली होती, तोंड उघडायचं नाही. ठेंगू शहाणा. त्यानं तोंड उघडलं नाही.

लुटू लुटू, लुटू लुटू. आला लाकडांचा ढीग. सगळ्यांनी तोंडं उघडली. भुट्टूला भूक लागली होती. चिंटीला खाज सुटली होती. ढब्बीला शू आली होती. ठेंगू म्हणाला, "आई, इवली नाही."

"कधीपासून नाही?"

"मघापासून."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालीस, तोंड उघडायचं नाही."

लगबगीनं आल्या वाटेकडे नाक वळवलं.

मागे वळून बघायला हवं होतं. बघितलं का? नाही बघितलं. आई वळली की वरात वळते, वरात वळली की गुंता होतो. पण तरी. बघायला हवं होतं.

पोरांना इथे ठेवावं तर एकटी पडतील. बरोबर न्यावं तर उशीर होईल. लगबगी दोन पावलं पुढे गेली. दोन पावलं मागे आली. मग म्हणाली, "धरा शेपट्या, चला."

लुटू लुटू, लुटू लुटू. नाक जमिनीला, वास घेत घेत, थेट बादलीपाशी. आतून आवाज आला, "चीं."

आणि वरून नळानं केलं, फुस्स.

लगबगीच्या मिशीचे केस ताठ झाले. नळ फुस्स करतो, म्हणजे पाणी निघालंय. पाणी आलं की बादली भरणार. बादली भरली की इवली? तिनं बादलीला डोकं लावलं. ढकललं. खूप ढकललं. बादलीला ते कळलंसुद्धा नाही.

जवळच शेळी बांधलेली होती. तिचं दावं बादलीपर्यंत पोचत होतं. पण शेळी बसली होती. एक करडू तिच्या पाठीवर, एक मानेवर, एक पोटाशी.

लगबगी म्हणाली,

"शेळीताई, शेळीताई,
इवली पडली बादलीत, नळ करतो फुस्स.
बादलीला शिंग मार ना."

शेळी म्हणाली,

"पोटात नाही पाला, अंगात नाही जोर,
वर चढली पोरं.
पाला मिळेल तर उठेन."

पाला होता शेवग्यावर. शेवगा होता आंगणाच्या टोकाला. निघावं, तर ढब्बीला परत शू आली. लगबगी थांबली. ढब्बीची शू झाली. मग चिंटीलाही आली.

"धरा शेपट्या, चला."

लुटू लुटू, लुटू लुटू.

शेवग्यावर घरटं होतं. घरट्यात कावळीण होती. पंख पसरून बसली होती. पंखांखालून चोची दिसत होत्या, सगळ्या उघड्या.

लगबगी म्हणाली,

"कावळीणकाकू, कावळीणकाकू,
इवली पडली बादलीत, नळ करतो फुस्स.
शेळी काही उठत नाही, तिला हवा पाला.
थोडा पाला पाड ना."

कावळीण म्हणाली,

"वर माझी पिल्लं, खाली बसली मांजरी,
कशी हलू मी तरी?
मांजरी जाईल तर हलेन."

तिकडे नळानं केलं, फुस्स फुस्स.

मांजरी बसली होती झाडाच्या पलीकडे. तिच्याशी बोलायचं, म्हणजे तिच्यासमोर जायचं. लगबगीनं पोरांकडे बघितलं. चारच दिसली. चार बघितली की पाचवी जास्तच आठवते.

"धरा शेपट्या, चला."

लुटू... लुटू... लुटू... लुटू...

मांजरीनं नाक पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं. चिचुंद्रीच्या अंगाला वास येतो ना. मांजरीला तो मुळीच सोसत नाही. तिनं लगबगीला लांबूनच बोलायला सांगितलं. लगबगीला जरा राग आला. पण राग यायला सवड कुणाला होती?

लगबगी लांबून म्हणाली,

"मांजरमावशी, मांजरमावशी,
इवली पडली बादलीत, नळ करतो फुस्स.
शेळी काही उठत नाही, तिला हवा पाला.
कावळीण काही हलत नाही, तिला मांजरीची भीती.
इथून जरा सरक ना."

मांजरीच्या अंगावर तिची पिल्लं लोळत होती. एक कान चावत होतं. एक शेपटी ओढत होतं. मांजरी म्हणाली,

"ताटलीत नाही दूध, पोरं माझी उपाशी,
म्हणून डोळा घरट्याशी.
दूध मिळेल तर सरकेन."

दूध होतं घरात. घरापुढे होती पडवी. आता भुट्टू म्हणाला, चालणार नाही, पोटात काही नाही. लगबगीनं पानाखालचा एक किडा उचलला आणि त्याच्या तोंडात घातला. मग चिंटीला हवा. मग ढब्बीला हवा. ठेंगूला किडा नको होता, त्याला झोपायचं होतं. लगबगीनं त्याला हळूच ढोसलं.

तिकडे नळानं केलं, फुस्स फुस्स, खुर्र.

"धरा शेपट्या, चला."

लुटूलुटूलुटूलुटू, लुटूलुटूलुटूलुटू.

पडवीत होती शेवंतावहिनी. तिचा एक हात झोळीच्या दोरीवर. दुसरा हात मैनाच्या केसांत. मैना तिची मोठी लेक, तिची अर्धीच वेणी झाली होती. मधला मुलगा पाठीशी उभा राहून भाकरी मागत होता. झोळीत बाळ होतं, आणि बाळ रडत होतं. ट्यँहँ, ट्यँहँ.

लगबगी पायरीवर चढली आणि म्हणाली,

"शेवंतावहिनी, शेवंतावहिनी,
इवली पडली बादलीत, नळ करतो फुस्स.
शेळी काही उठत नाही, तिला हवा पाला.
कावळीण काही हलत नाही, तिला मांजरीची भीती.
मांजरी काही सरकत नाही, तिला हवं दूध.
ताटलीत दूध घाल ना."

माणसांना चिचुंद्र्यांचं बोलणं कळत नाही. शेवंतावहिनीला ऐकू आलं फक्त चिक चिक चिक चिक.

मैनानं विचारलं, चिचुंद्री आलीय, हाकलू का? हातात तिनं केरसुणी घेतलीसुद्धा. लगबगी पोरांच्या पुढे झाली.

शेवंतावहिनीनं बघितलं. शेपटीला शेपटी, शेपटीला शेपटी.

"असू दे गं," ती म्हणाली. "तिच्याही मागे पोरं आहेत."

मैनानं केरसुणी ठेवली. मग तिला आठवलं, आणि तिनं आईला सांगितलं, मांजरीची ताटली सकाळपासून रिकामी आहे. वहिनी म्हणाली,

"हातात माझ्या दोरी, झोळीत रडतं बाळ,
कशी उठू मी, सांग.
बाळ हसेल तर उठेन."

म्हणजे आता बाळाला सांगायला हवं. लगबगी झोळीखाली गेली. मान वर केली. दम लागला होता, तरी सगळं म्हणाली,

"बाळा रे, बाळा रे,
इवली पडली बादलीत, नळ करतो फुस्स.
शेळी काही उठत नाही, तिला हवा पाला.
कावळीण काही हलत नाही, तिला मांजरीची भीती.
मांजरी काही सरकत नाही, तिला हवं दूध.
वहिनी काही उठत नाही, बाळ तिचं रडतं.
एकदा तरी हास ना."

बाळ म्हणालं, ट्यँहँ.

त्याला काय हवं होतं? पाला नको होता. दूध नको होतं. त्याला नुसतं रडायचं होतं.

आता कुणाला सांगायचं? पुढे कुणीच नव्हतं. लगबगी उजवीकडे गेली. वरात उजवीकडे गेली. तिकडे काय आहे? काही नाही. लगबगी आणखी वळली. वरात आणखी वळली. मी कसली आई, लगबगीच्या मनात आलं. एवढीशी इवली, तीही सांभाळता येत नाही. ती आणखी वळली.

आणि तिच्या नाकाला वास आला. शेपटीचा वास. आपल्याच पोराचा वास.

लगबगीचे डोळे अधू. ती सगळं नाकानं ओळखते. इवली, तिला वाटलं. माझी इवली. तिनं ती शेपटी घट्ट तोंडात धरली.

ती होती ठेंगूची.

आईनं ठेंगूला धरलं. ठेंगूनं ढब्बीला. ढब्बीनं चिंटीला. चिंटीनं भुट्टूला. भुट्टूनं आईला. निघाली वरात, गोल गोल. लुटू लुटू, गोल गोल. लुटू लुटू, गोल गोल. थांबायचं कुणी? सगळ्यांच्या तोंडात शेपटी.

बाळ म्हणालं, ट्यँ...

मग म्हणालं, ट्यँ?

मग त्यानं झोळीतून डोकं बाहेर काढलं. खाली बघितलं. गोल गोल, गोल गोल. बाळ हसलं. खुदुक. खुदुक खुदुक. खुदुक खुदुक खुदुक.

बाळ हसलं, वहिनी उठली.
वहिनी उठली, ताटली भरली.
ताटली भरली, मांजरी सरकली.
मांजरी सरकली, कावळीण हलली.

शेवग्याची फांदी कच्ची. कावळिणीनं जरा ओढली, कडकन मोडली. कावळीण ती घेऊन उडाली, पाला पडला शेळीपुढे. सळसळ सळसळ.

करडं उतरली टुणकन पाठीवरून, टुणकन मानेवरून. शेळीनं पाला खाल्ला. एक घास. दोन घास. तिसरा घास घेणार, तेवढ्यात नळानं केलं, खुर्र खुर्र, टप.

पहिला थेंब बादलीत पडला. "चीं," इवली म्हणाली.

लगबगीनं ते ऐकलं. तोंडातली शेपटी सोडली. पायरीवरून उडी मारली. वरात मागेच राहिली आणि ती एकटीच धावली. लुटूलुटूलुटूलुटूलुटू.

शेळी उठली. मान खाली घातली. दावं ताणलं. शिंग मारलं.

धडाम्.

बादली कलंडली. गडगड गडगड गेली. आतून गडगड गडगड आली इवली. आली ती सरळ आईच्या पोटावर आपटली.

आणि नळाला आलं पाणी. धो धो, धो धो.

लगबगीनं इवलीला हुंगलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत. शेपटीपासून डोक्यापर्यंत. परत डोक्यापासून शेपटीपर्यंत. होती तशीच होती. नाक जरा ओलं होतं.

शेवंतावहिनी धावत आली. बादली आडवी, पाणी आंगणभर. तिनं शेळीला बोल लावले, शिंगं उगवलीत म्हणून कशातही घालायची का. शेळी बिचारी काय सांगणार? ती पाला खात राहिली. वहिनीनं बादली सरळ करून नळाखाली ठेवली. तेवढ्यात मधल्यानं परत भाकरी मागितली, म्हणून ती आत पळाली.

मागून चारही पोरं आली. शेपटीला शेपटी धरून, पुढे आई नसताना. भुट्टू सगळ्यांत पुढे होता आणि फार ऐटीत चालत होता.

आता पुन्हा निघायचं लाकडांच्या ढिगाकडे. लगबगीनं पोरांना गोळा केलं. मग ती म्हणाली, "शेपटी धरायची. पण कुणी सुटलं, तर तोंड उघडायचं. मोठ्यानं ओरडायचं. मी थांबेन."

"धरा शेपट्या, चला."

लुटू लुटू, लुटू लुटू. भुट्टू ओरडला, चिंटी सुटली. लगबगी थांबली. लुटू लुटू. चिंटी ओरडली, ढब्बीला शू. लगबगी थांबली. लुटू लुटू. ठेंगू ओरडला, इवलीला जांभई. लगबगी थांबली. इवलीची जांभई पूर्ण होऊ दिली. आऽऽऽ. झाली? झाली.

लुटू लुटू, लुटू लुटू.

पोचायला फार उशीर झाला. पण पोचली ती सगळी पोचली.

पाला शेळीचा, दूध मांजरीचं, हसू बाळाचं, इवली आईची. गोष्ट गेली लाकडांच्या ढिगात, आणि आता झोप आपली.