खाद्यात काय कालवावं

"...मग पाण्यात ओतू का नको, तेवढंच सांगा, बाबा."

रणधीरचा हात खिशात होता. खिशात अँटिबायोटिकची बाटली. सील अजून फोडलेलं नव्हतं.

दगडूशा फकीर पिराच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"किती कोंबड्या मेल्या?"

"काल दोन. आज सकाळधरनं सात."

"डॉक्टरला दावल्या?"

"उद्या येतो म्हणाला. उद्यापतोर दोन हजारांतल्या राहतील किती..."

या खेपेला रणधीर गावभर सांगत सुटला होता, माझ्या शेडात त्या औषधाचा थेंब येणार नाही म्हणून. हळद, लसूण, ओवा, कडुनिंब. बाबांनी सांगितलेला चुरा खाद्यात कालवायचा, बस्स. बत्तीस दिवस कोंबड्यांनी त्याची लाज राखली. तेहतिसाव्या दिवशी त्या पंख पाडून बसू लागल्या. आणि कोंबड्या न्यायला व्यापाऱ्याची गाडी चार दिवसांवर आलेली.

बाबा उठले. "चल."

शेडाच्या दारातच नाकाला उग्र वास झोंबला. एरवी नुसता कलकलाट असायचा. आज एक सबंध कोपरा गप्प होता.

बाबा पाण्याच्या भांड्याशी वाकले. खाली अंथरलेलं भाताचं तूस मूठभर उचललं, आवळलं, मूठ उघडली.

ओलसर तुसाचा लाडू झाला होता.

"तूस खालवर कधी केलंतंस?"

"मागल्या..." रणधीर अडखळला. "चुरा चालूच हाय म्हणून म्हटलं..."

"चुऱ्यानं तूस वाळतं व्हय रं?"

रणधीरनं पायानं तूस उकरून बघितलं.

"चुकलं. पण आता काय करू? ओतू?"

"ओत की."

रणधीर दचकला. बाबा शिव्या घालतील असं त्याला वाटलं होतं.

"ओत. अन् गाडी भरायच्या दिशी त्यातली एक माझ्याकडं आण. दोघं मिळून जेवू."

औषध थांबवल्यावर सात दिवस कोंबडी कापू नये, असं बाटलीवर छापलेलं होतं. रणधीरनं ते वाचलेलं होतं. बाबांना वाचता येत नव्हतं.

"त्यातली नको," तो घाईनं म्हणाला. "तुमच्यासाठी परसातली गावरान आणतो. घरी आम्ही तीच खातो."

बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बाबांनी हाताला चिकटलेलं तूस झटकलं.

रणधीरला सांगलीची बहीण आठवली. दर रविवारी बाजारातून ब्रॉयलर आणायची. मागच्या महिन्यात तिच्या लेकीचा ताप तीन अँटिबायोटिकं बदलली तरी हटत नव्हता. कशानं, कुणास ठाऊक...

त्यानं खिशातल्या बाटलीवरचा हात काढून घेतला.

"बाबा, भ्या वाटतंय."

"मघाचंच?"

"न्हाई. मघाशी कोंबड्या मरतील म्हणून वाटत होतं. हे... दुसरं हाय. खाणाऱ्यांपायी."

त्यानं फोन काढला. डॉक्टरच्या हातापाया पडून त्याला आजच यायला लावलं. मग व्यापाऱ्याला सांगितलं, डॉक्टर म्हणंल त्याच दिवशी गाडी आणा, आधी नको.

"काय जडीबुटीवाले," व्यापारी पलीकडून हसला, "जिरली का?"

"जिरली," रणधीर म्हणाला आणि फोन ठेवला.

मरगळलेल्या कोपऱ्यातली एक कोंबडी आडवी झाली. दोघांनी बघितलं.

"आता तो चुरा बंदच करू का, बाबा?"

बाबांनी भिंतीला टेकवलेलं, तूस खालवर करायचं दाताळं आणून त्याच्या हातात दिलं.

"चालू ठेव," ते म्हणाले. "अन् ते दुसरं भ्या रोज त्यात कालवत जा. हळद कमी पडली तरी चालंल."