दिवा धरणारा राजा

एका राज्यात धवलकीर्ती नावाचा राजा होता. दान करायला हात सैल, आणि केलेल्या दानाचा डांगोरा पिटायची भारी हौस. विहीर खणली की कठड्यावर नाव, धर्मशाळा बांधली की चौकटीवर नाव. त्याला एकदा डोंगरात कुंभकेतू मांत्रिकाचा खजिना सापडला. पेटीच्या झाकणावर कोरलं होतं, ‘हे धन कलेचं. देणाऱ्याने नाव सांगू नये.’ राजाने वाचलं, हसला, आणि झाकण लोहाराकडे वितळवायला धाडलं. शहाणा माणूस तिथंच थांबला असता, पण असो.

त्या राज्यात तळ्याकाठी सावल्यांचा खेळ करणारी माणसं राहत. चामड्याच्या रंगीत बाहुल्या, पुढे पांढरा पडदा, मागे एक दिवा, आणि तळ्यातल्या राक्षसाची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा. राजाने त्यांच्यावर त्याच खजिन्यातल्या मोहरा उधळल्या. अट एकच, खेळाआधी राजाचा गौरव गायचा. पहिल्या वर्षी दोन कडवी झाली, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी कथेला वेळच उरला नाही. मग राजाच्या तोंडवळ्याच्या नव्या बाहुल्या आल्या. जुन्यांना त्यांनी हळदकुंकू वाहून तळ्यात सोडलं. बाहुली जीर्ण झाली की तिला पाण्यात सोडायची हा त्यांचा रिवाज. पण या बाहुल्या जीर्ण कुठे झाल्या होत्या? चांगल्या धडधाकट होत्या बिचाऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजकन्या सुरंगी अंगणात खेळत होती. आठ वर्षांची पोर. उन्हात उभी राहिली, तर तिच्या सावलीला पाय नव्हते. आणि जिथली सावली गेली तिथला जीव गेला. पोर मटकन खाली बसली. पुढच्या दिवशी सावली गुडघ्यापर्यंत नाहीशी झाली, तिसऱ्या दिवशी कमरेपर्यंत. राजवैद्यांनी हात टेकले. आईविना वाढलेली ती एकुलती एक लेक, राजाच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा खिडकीत एक साळुंकी येऊन बसली आणि बोलू लागली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, त्यात नवल नव्हतं.

“राजा, मला कुंभकेतूने पाठवलं आहे. जुना खेळ पुरा झाला तर सावली पुरी होईल. बाहुल्या तू काढायच्या, कथा तू मिळवायची, खेळात जे काम पडेल ते तू करायचं. मोहर चालणार नाही, हात चालतील. सावली गळ्यापर्यंत नाहीशी झाली की पोरीचा खेळ खलास. आणि हे तू केलंस असं कोणाला कळलं, तर गेलेली सावली परत येणार नाही, आलेली टिकणार नाही.”

राजाने विचारलं, “किती दिवस लपवायचं?”

“तू जिवंत असेपर्यंत.”

राजाने मुकुट उतरवला, तोंडाला राख फासली आणि तळं गाठलं. बुडी मारली, तर तळाशी सुसर बाहुल्यांवर पहारा देत पडलेली. तिने त्याचा पाय धरला आणि म्हणाली, “नाव सांग, सोडते.” जन्मभर ज्याने नावच सांगितलं, त्याच्या जिभेवर ते आलंच होतं हो! छाती फुटायची वेळ आली, तरी त्याने ते गिळलं आणि नाही म्हणून मान हलवली. सुसरीने पाय सोडला. त्याने एकवीस बाहुल्या वर काढल्या. एकीचाही रंग उडाला नव्हता. त्या दिवशी सुरंगीची सावली पोटापर्यंत गेली.

कथा पुरी येत होती एकट्या भागी म्हातारीला. मोहरा आल्या त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप घातलं होतं. राजाने तिचं अंगण झाडलं, पाणी भरलं, बाहुल्यांचे सुटलेले सांधे दोऱ्याने ओवले. दोन दिवस म्हातारी त्याच्यादेखत राजाला शिव्या घालत होती, आणि हा मान डोलावत होता. डोलावेल नाही तर काय करेल? पोरीची सावली छातीपर्यंत गेली होती. शेवटी म्हातारी म्हणाली की कथा ती सांगेल, बाहुल्या तिची मुलं नाचवतील, पण दिवा कोण धरणार? पडद्यामागचं काम, कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी येत नाही.

“मी धरतो,” राजा म्हणाला.

दिवेलागणीला खेळ उभा राहिला. दिवा जवळ नेला की राक्षस मोठा व्हायचा, लांब नेला की लहान. हात थरथरला की सावल्या मोडायच्या. तापलेलं तेल राजाच्या मनगटावर सांडत होतं. पुढे, पोरीचं मन रमावं म्हणून, प्रधान सुरंगीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याच दिव्याच्या उजेडात मागच्या भिंतीवर तिची सावली पडली होती, ती आता नुसते खांदे आणि डोकं एवढीच.

कथा अर्ध्यावर आली आणि पोर घाबरली.

“बाबा कुठे आहेत? बाबांना बोलवा ना.”

राजा तिच्यापासून दोन हातांवर होता. मध्ये फक्त कापड. ती हाका मारत राहिली, आणि प्रत्येक हाकेला त्याचं काळीज तुटत होतं. दिवा खाली ठेवला तर खेळ मोडणार, ओ दिली तर सगळंच संपणार. त्याने दात ओठांत रुतवले.

मग हाका एकदम थांबल्या. पोर निजली, की सावली गळ्यापर्यंत गेली? मागून कळायला मार्ग नव्हता. राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, राख ओघळत होती. भागीने कथा थांबवली नाही आणि त्याने दिवा हलू दिला नाही. राक्षस तळ्यात बुडाला. कथा पुरी झाली.

“सावली आली!” लोक ओरडले.

राजाने पडद्याच्या कडेतून पाहिलं. सुरंगी मांडवभर धावत होती आणि भिंतीवरून तिची अख्खी सावली धावत होती. तो तिथंच खाली बसला आणि पोटभर रडला.

मग तोंड धुऊन, मुकुट घालून तो पुढच्या वाटेने आला. पोरीने तोंड फिरवलं.

“मी किती हाका मारल्या. तुम्ही आला नाहीत.”

“कामात होतो, बाळ.”

“माझ्यापेक्षा मोठं काम?”

राजाने पोळलेलं मनगट बाहीत ओढून घेतलं.

पुढे राज्य ताळ्यावर आलं. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या उंबऱ्यावर पहाटे मोहरा सापडू लागल्या, कोणाच्या ते कधी कळलं नाही. खेळ दर वर्षी पुरा होतो, पडद्यापुढचं सिंहासन मात्र दर वर्षी रिकामं असतं. लोक म्हणतात, राजा अरसिक. सुरंगी आता मोठी झाली आहे. तीही मैत्रिणींना सांगते, आमच्या बाबांना खेळाचं वेडच नाही. पडद्यामागे राख फासलेल्या म्हाताऱ्या राजाला ते स्वच्छ ऐकू येतं, आणि तो दिवा जरा जवळ नेतो. राक्षसाची वेळ झालेली असते.

मी सांगितलं, तुम्ही ऐकलंत, उभयतांचं भलं होवो. सुरंगीच्या कानावर मात्र घालू नका.