तुमचे मत लिहा : गुण तीन

विषय : इयत्ता सातवीच्या इतिहासात विचार करायला लावणारे प्रश्न घालणेबाबत.
संदर्भ : श्री. विलास घोलप, इतिहास शिक्षक, यांचा प्रश्नलेखकपदासाठीचा अर्ज. सोबत नमुना प्रश्न, नमुना उत्तरे आणि शिफारसपत्र (सहीविना).

"आणि एखाद्या पोरानं चौथं कारण लिहिलं तर?" कोष्टी गुरुजींनी विचारलं.

घोलपांना प्रश्न अपेक्षित नव्हता, सही अपेक्षित होती. सतरा वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिकवल्यावर आता आपलं नाव पुस्तकात छापून येणार होतं. पाठ्यपुस्तक मंडळाला फक्त जुन्या गुरूची शिफारस हवी होती, आणि घोलपांच्या गुरूंपैकी हे एकच हयात होते.

अर्जासोबतचा नमुना प्रश्न असा होता : किल्लेदाराने न लढता किल्ला का सोडला असावा? तुमचे मत लिहा.

विद्यार्थ्याचं मत मागच्या पानावर छापलेलं होतं. तीन कारणं, प्रत्येकी एक गुण.

"चौथ्याला गुण नाही, गुरुजी. तपासणाऱ्याचा गोंधळ होतो."

"तपासणारा विचार करत नाही?"

"प्रश्न मुलांसाठी आहेत."

"बरं. किल्लेदाराचं एखादं पत्र वगैरे?"

"धड्यात नाही."

"मग ही तीन कारणं कुणी सांगितली?"

"मीच."

"अस्सं..."

गुरुजींनी शिफारसपत्र उचललं. घोलपांनी ते टाईप करूनच आणलं होतं. वडीलधाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी केलेली आपली स्तुती आपणच लिहून न्यायची, ही आपल्याकडची रीतच आहे.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, "'माझ्या मते श्री. घोलप लहानपणापासून स्वतंत्र विचाराचे आहेत.'"

...

"माझं मत छान लिहिलंयस, विलास. शुद्धलेखनही सुधारलंय."

"आपण फक्त खाली सही..."

गुरुजींनी कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं : गुरुजींनी सही का केली नसावी? तुमचे मत लिहा. गुण तीन.

मग पेन घोलपांपुढे सरकवलं.

घोलपांनी 'वय झाल्यामुळे' असं लिहिलं. खोडलं. 'गैरसमजातून' असं लिहिलं. तेही खोडलं. आतून चहा आला, त्यावर साय धरली, तरी उत्तर पुढे सरकेना.

शेवटी त्यांनी मान वर केली. "गुरुजी, नेमकं काय अपेक्षित आहे?"

"मागच्या पानावर बघ."

सहीअभावी अर्ज प्रलंबित आहे.